काकू, साठीनंतर योगासनं सुरू करताना

काकू, चौसष्टाव्या वर्षी सुरुवात करताय, फार बरं वाटलं. उशीर मुळीच झालेला नाही. रक्तदाब, काचबिंदू, ठिसूळ हाडं यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. मग पहिले दोन महिने एवढंच सांभाळा:

- आपल्या सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी लवकर, रिकाम्या पोटी करा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.
- गुळगुळीत फरशीवर चादर अंथरू नका, ती सरकते. रबरी मॅट घ्या.
- मांडी घालता येत नसेल तर खुशाल खुर्चीवर बसा. ताडासन, म्हणजे ताठ उभं राहायचं आसन, भिंतीजवळ करा.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे श्वास रोखणं. आसन जमवायच्या नादात श्वास अडकतो आणि रक्तदाब चढतो. सहज बोलता येईल इतकाच ताण द्या. शीर्षासन, कपालभाती आत्ता नकोच.

काका गेल्यापासून झोप लागत नाही म्हणालात. रात्री अंथरुणावर पाच मिनिटं श्वास सावकाश, लांबवत सोडा. भ्रामरीही, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, चालेल. आणि आसनांच्या शेवटी उताणं निजून अंग सैल सोडायचं, ते शवासन कधीच गाळू नका. त्यात डोळे भरून आले तर येऊ द्या. उठताना मात्र आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन बसा.