राजदूत ३५० मोटारसायकलला चेंबर (मध्ये फुगीर, रेसिंगचा सायलेन्सर) बसवावे की मूळ सायलेन्सरच ठेवावा?

तुम्ही म्हापशाचे, गाडी १९८५ ची एचटी (हाय टॉर्क मॉडेल), फिरणे रोजचे आणि कधीतरी चोर्ला घाट. मग माझे मत सरळ आहे: मूळ आकाराचा सायलेन्सरच शोधा किंवा तसाच बनवून घ्या.

राजदूतसारख्या टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर म्हणजे नुसती धूर सोडणारी नळी नव्हे. चेंबरच्या (पूर्ण नाव एक्स्पान्शन चेंबर) निमुळत्या शेपटावरून परतलेली दाबलहर बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. ती लहर ठराविक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) नेमकी वेळेवर पोचते. रेसिंग चेंबरमध्ये ही वेळ वरच्या आरपीएमला जुळवलेली असते, म्हणजे खाली गाडी मेल्यासारखी. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी अर्ध्या क्लचवर रांगताना कळेल!

तरी चेंबरच हवे असेल तर कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) आधी मोठा करा आणि स्पार्क प्लगचा रंग बघा. कॉफीसारखा तपकिरी ठीक. पांढरट दिसला तर लगेच थांबा, पेट्रोल कमी पडतेय, पिस्टन जाम होईल.

आपल्याकडची खारी हवा विसरू नका. आतून टू-टी तेलाचा (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाचा) थर वाचवतो, बाहेरून मात्र साधे लोखंड एका पावसाळ्यात गंजते. स्टेनलेस घ्या.

आवाजाचा दंडही आहे: मोटार वाहन कायदा, कलम १९०(२), १० हजारांपर्यंत.

आणि हो, खर्चाआधी जुन्या सायलेन्सरचे बॅफल (आवाज दाबणारी आतली नळी) काढून कार्बन साफ करा. बहुतेकदा दुखणे तिथेच असते.