पोराला कासव हवंय, कुठलं घेऊ?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, पूर्वेला गॅलरी. पोरगं ९ वर्षांचं, दोन महिने झाले कासव पाहिजे म्हणून मागं लागलंय. एकजण पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणून देतो म्हणतोय, सासूबाई म्हणतात त्यानं घरात बरकत येते. अक्वेरियमच्या दुकानात छोटी हिरवी पण बघितली. आधी काहीच पाळलेलं नाही, कुठलं घेऊ?

उत्तर: ताई, चांदण्यांचं म्हणजे स्टार कासव, ते अजिबात नको. वन्यजीव कायद्यात ते वाघाच्याच शेड्यूल १ मध्ये आहे, घरात सापडलं तर ३ ते ७ वर्षं कैद. आणि ही कासवं जंगलातून पकडून आणतात, पिशव्यांत कोंबून, वाटेतच कितीतरी मरतात. सासूबाईंना हे शांतपणे सांगा, त्यांनाही वाईटच वाटेल.

हिरवं छोटं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं, ते रेड इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेचं. आत्ता तळहातावर मावतंय पण मादी २५-३० सेंटीमीटरपर्यंत होते, मग मोठी टाकी, फिल्टर, वर चढून ऊन खायला कोरडी जागा असं सगळं लागतं. आमच्या ओळखीत एका पोरानं प्लास्टिकच्या भांड्यात ठेवलं होतं, ना ऊन ना दिवा, काही महिन्यांत पाठ मऊ पडली, बघवत नव्हतं. शिवाय अंगावर जुलाब-ताप आणणारे साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कासव पाळायला विकायला बंदी आहे. आणि कंटाळा आला म्हणून कृष्णेत तर कधीच सोडू नका, आपल्या नदीतल्या कासवांच्या खाण्यावर आणि ऊन खायच्या जागेवर ते हक्क सांगतं.

पहिल्यांदाच पाळताय तर मी जमिनीवरचं, घरात पैदास केलेलं हर्मन नाहीतर रशियन कासव सुचवेन. साधारण १५-२० सेंटीमीटर होतं, पालाच खातं. सल्काटा नावाच्या मोठ्या आफ्रिकन कासवाचं पिल्लू कुणी दाखवलं तर नको म्हणा, ते पुढं ४०-५० किलोचं होतं. बिल आणि कागद घ्या, केंद्र सरकारच्या परिवेश या वेबसाइटवर कासवाची नोंदणी करावी लागते, कागद द्यायला टाळाटाळ केली तर तिथून घेऊच नका.

कमीत कमी चार बाय दोन फुटांचा लाकडी खोका, त्यात माती, एका कोपऱ्यात ३५ डिग्रीच्या आसपास गरम जागा, दुसरा कोपरा सावलीचा. गॅलरीतलं सकाळचं ऊन उत्तम पण काचेतून आलेलं चालत नाही, काच उन्हातली यूव्हीबी किरणं अडवते, पाठ टणक राहायला तीच लागतात, आणि पावसाळ्यात ऊनच नसतं म्हणून यूव्हीबीची ट्यूब लागतेच. ती पेटत असली तरी जोर कमी होत जातो, पाकिटावर लिहिलेल्या मुदतीत बदला. खायला जास्वंदाची पानं-फुलं, तुतीचा पाला, लसूणघास. चपाती, दूधभात नको. हात लावला की पोराला साबणानं हात धुवायला लावा.

घ्यायच्या आधी कासवं तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा, सांगलीत नाही मिळाला तर कोल्हापूर, पुण्यात विचारा. हे कासव ४० वर्षं सहज जगतं, पोरगं कॉलेजला गेलं की पाला तुम्हालाच आणायचाय, त्याची तयारी असेल तरच घ्या. आणि तो चांदण्यांचं कासव देणारा परत आला तर वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा.