आईचा ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा आकडा, कमी म्हणजे किडनी कमजोर) २८ आहे. नातेवाईक नको म्हणताहेत. एमआरआयच्या कॉन्ट्रास्टने, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून टोचतात त्या औषधाने, किडनी जाईल का?

तुमचे नातेवाईक ज्या भीतीने नको म्हणताहेत ती बहुतेक सीटी स्कॅनच्या डायची आहे. त्यात आयोडीन असतं. एमआरआयला गॅडोलिनियम देतात, आणि नेहमीच्या डोसमध्ये त्याने किडनी बिघडल्याचं क्वचितच दिसतं. धोका उलट दिशेचा आहे: किडनी आधीच कमजोर असेल तर औषध बाहेर पडायला वेळ लागतो. चांगल्या किडनीत दीड-दोन तासांत निम्मं उतरतं, फारच खालावलेल्या किडनीत त्याला तीस तासांहून जास्त लागू शकतात.

आमच्या घरात यावरून महाभारत झालं. वडिलांचा ईजीएफआर तुमच्या आईसारखाच तिशीच्या खाली. पाठदुखी, ताप, आणि मणक्यात पू आहे की गाठ हे ठरवायचं होतं. काका आडवे आले. "डाय टोचली की डायलिसिस लागलंच समजा." त्यांच्या मित्राचं तसं झालं होतं म्हणे, मित्राची झाली होती अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांची तपासणी, तिलाही आयोडीनचीच डाय), एमआरआय नव्हेच. तरी वडिलांनी काकांचं ऐकलं आणि साधा एमआरआय काढला. रिपोर्टच्या तळाशी ओळ: निश्चित निदानासाठी कॉन्ट्रास्ट आवश्यक. ताप चालूच, वडिलांना कूस बदलवत नाही, आणि पुन्हा त्याच मशीनमध्ये जायचं.

दुसऱ्या वेळी मी काउंटरवर औषधाचं नाव विचारलं. उत्तर मिळालं, "सगळी सारखीच असतात." अजिबात सारखी नसतात! गॅडोलिनियम मोकळं सुटलं तर विषारी, आणि कमजोर किडनीत ते जास्त वेळ शरीरात राहिल्याने सुटायची भीती जास्त, म्हणून ते रेणूच्या पिंजऱ्यात बांधून देतात. लिनिअर प्रकारात पिंजरा एका बाजूने उघडा, मॅक्रोसायक्लिकमध्ये चहूबाजूंनी बंद. एनएसएफ नावाचा आजार, ज्यात कातडी लाकडासारखी टणक होते आणि सांधे आखडतात, तो १९९७ पासून किडनीच्या रुग्णांत दिसू लागला. गॅडोलिनियमशी त्याचा संबंध २००६ मध्ये लक्षात आला. त्या केसेस बहुतांशी जुन्या लिनिअर औषधांच्या, खासकरून गॅडोडायामाइडच्या. युरोपने २०१७ मध्ये ते बंद केलं.

मी हटलो नाही. शेवटी टेक्निशियनने बाटलीच आणून दाखवली: गॅडोटेरिक ॲसिड, मॅक्रोसायक्लिक. वजन साठ किलो, म्हणून १२ मिली. स्कॅनमध्ये पू असल्याचं कळलं, अँटिबायोटिक सुरू झालं, आणि नंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) होतं तिथेच. काका आजही म्हणतात, नशीब चांगलं. नशिबाचा काय संबंध? अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी एकत्र सांगितलंय की या गटातल्या औषधांनी एनएसएफचा धोका इतका कमी आहे की गरजेची तपासणी त्यासाठी रोखू नये. तपासणी टाळल्यामुळे निदान लांबलं त्याचा हिशोब मात्र कुणी काकांकडे मागत नाही. घरात ठामपणे बोलणाऱ्याला डॉक्टर समजायची आपल्याकडे जी सवय आहे, तिचा मला मनापासून राग आहे.

तेव्हा गॅडोटेरिक ॲसिड, गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरिडॉल यांपैकी काही आहे का ते विचारा, आणि मिळालं तर आईला घेऊन जा. गॅडोडायामाइड म्हणाले तर उठा आणि दुसरं सेंटर शोधा.

हो, एक राहिलं. आईची किडनी अलीकडेच अचानक बिघडली असेल तर २८ या आकड्यावर विसंबू नका, आधी नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, दाखवा. डायलिसिस चालू असेल तर स्कॅन नेहमीच्या डायलिसिसच्या थोडं आधी ठेवा. नसेल तर केवळ या इंजेक्शनसाठी डायलिसिस सुरू करत नाहीत. पूर्वी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी आली असेल तर तेही सांगा. आणि कॉन्ट्रास्टशिवाय काम भागेल का, हे रेडिओलॉजिस्टला जरूर विचारा, काही तपासण्यांत खरंच भागतं.