चेन्नईहून पुण्याला शिडाची जुनी नौका

प्रश्न : मुंबईत शिडाच्या नौकांचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर आता स्वतःची लहान नौका घ्यावी, असे वाटते. चेन्नईतील एका गृहस्थांकडे बारा वर्षे वापरलेली ‘लेझर’ जातीची शिडाची लहान नौका विकाऊ आहे. छायाचित्रांत ती चकचकीत दिसते. न पाहता पैसे पाठवावेत का, आणि सुमारे 1200 किलोमीटरवरून ती पुण्याला कशी आणावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : न पाहता पैसे मुळीच पाठवू नका. मीही एकदा छायाचित्रांवर भिस्त ठेवून नौका घेतली होती. घरी आल्यावर मागच्या टोकाचे बूच काढून नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर उचलली, तर आतून अर्धी बादली गढूळ पाणी निघाले. लेझरचे अंग फायबरग्लासचे असून आतून पोकळ आणि बंद असते. डेकच्या, म्हणजे वरच्या पृष्ठभागाच्या, दोन थरांमध्ये फोम असतो, आणि तो एकदा भिजला की वाळवणे फार जिकिरीचे होते. वरचा रंग मात्र तसाच चकाकत राहतो.

म्हणून चेन्नईला एक फेरी करा, किंवा तिथल्या एखाद्या जाणकाराला पाहून येण्याची विनंती करा. डोलकाठी ज्या भोकात उभी राहते, ते आधी तपासावे. त्यात काठोकाठ पाणी भरून पातळीवर खूण करावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहावे. पाणी खाली गेले असेल, तर ते नौकेच्या पोटात उतरत आहे. त्या भोकाची नळीच हलत असेल, तर किंमत कितीही उतरली तरी मी ती नौका घेणार नाही. त्यानंतर वजन पाहावे. डोलकाठी, शीड वगैरे वगळून नुसत्या अंगाचे वजन 59 किलोच्या आसपास असायला हवे. नाळेखाली एक व मागच्या टोकाखाली एक असे दोन समान उंचीचे ठोकळे ठेवून, आळीपाळीने एकेका ठोकळ्याच्या जागी घरातला वजनकाटा सरकवावा, म्हणजे दोन आकड्यांची बेरीज करता येते. पाच-सहा किलो जास्त भरले तर आत पाणी मुरले आहे, असे समजावे. डोलकाठीचे दोन्ही तुकडे सपाट फरशीवर लोळवून पाहा, बाक लगेच दिसतो. शिडाची चिंता करू नका, ते पुढेमागे बदलावेच लागते. मात्र शिडावरचा क्रमांक आणि नौकेचा क्रमांक जुळत नसतील, तर कारण विचारा आणि विक्रीची पावती लेखी घ्या.

आता वाहतूक. नौकेची लांबी 4.23 मीटर, म्हणजे जवळजवळ चौदा फूट, आणि रुंदी 1.4 मीटरच्या आत असते. छोट्या टेम्पोत ती मावत नाही, आणि चौदा फुटी आयशरमध्ये टोके फळ्यांना घासतात. म्हणून सतरा फुटी गाडीतली जागा पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर, घ्यावी. पुण्याकडे रिकामी परतणारी गाडी मिळाली, तर भाडे बरेच उतरते. नौका पालथी ठेवून तिच्या कडा दोन जुन्या टायरांवर किंवा गाद्यांवर टेकवाव्यात. सुलटी ठेवून एका ठोकळ्यावर भार दिला, तर एवढ्या प्रवासात तळाला खळगा पडतो. बांधायला पट्टे वापरावेत, आणि ते आवळून नव्हे, नौका हलणार नाही एवढेच ओढावेत. तिच्यावर दुसरा माल रचायचा नाही, हे चालकाला तोंडी सांगून पावतीवरही लिहून घ्यावे. सुकाणू आणि नौकेच्या मधून पाण्यात उतरणारी फळी जाड चादरीत गुंडाळावी, शीड घडी न घालता गुंडाळी करून ठेवावे. किंमत 50,000 रुपयांहून अधिक असेल, तर ई-वे बिलाविषयी (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दाखला) वाहतूकदाराशी आधीच बोलून घ्या.

प्रवासात मागचे बूच काढलेले असू द्या. उन्हात पोकळीतली हवा तापून फुगते, तिला वाट मिळाली नाही तर सांधे उकलू शकतात.

धरणाच्या पाण्यात नौका नेणार असाल, तर जलसंपदा विभागाची परवानगी खरेदीआधीच विचारून ठेवा. आणि पहिल्यांदा पाण्यात उतरवताना ते बूच पुन्हा घट्ट बसवले आहे ना, हे स्वतः हात लावून पाहा.