मिलिमीटर राहू द्या, आधी फूट सांगा

प्रश्न : माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. आता एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यायची आहे, आणि सध्या तरी एकच परवडेल. भाचा म्हणतो ५० घे. दुकानदार म्हणाले, पोर्ट्रेट म्हणजे ८५च. रोजच्या फोटोंना ३५ बरी, असंही वाचलं. मला सासूबाईंचे फोटो काढायचे आहेत, पडवीत बसून सुपारी कातरतानाचे. धाकटी दोन वर्षांची आहे, तिचे काढायचे आहेत. अधूनमधून शाळेतल्या मुलांचेही. घर जुनं, कौलारू आहे आणि आत उजेड कमी. कोणती घेऊ?
— एक शिक्षिका, चिपळूण

ताई, पत्रात तुम्ही लेन्सचे मिलिमीटर, म्हणजे ३५, ५०, ८५ हे आकडे, सगळे लिहिलेत, पडवी किती फुटांची ते मात्र नाही लिहिलंत. माझीही सुरुवात अशीच झाली होती.

मिरजेत वडिलांचा स्टुडिओ होता, लांबी सोळा फूट. फिल्मचे दिवस. मी साठवलेल्या पैशांतून सेकंडहँड ८५ आणली, कारण 'पोर्ट्रेटला ८५' हे मीही ऐकलेलं. पासपोर्टला झकास चालली. मग एका रविवारी पाच जणांचं कुटुंब आलं, नवे कपडे घालून. पडद्यापासून तीन फूट पुढे त्यांना उभं केलं, म्हणजे मला उरले तेरा फूट. पाच जण बसवायला ८५ला लागतात सतरा. मी मागे सरकत सरकत उंबरा ओलांडला आणि थेट गटाराच्या कडेला जाऊन उभा राहिलो. कॅमेऱ्याच्या आणि त्या कुटुंबाच्या मधून सायकली जात होत्या. वडील गल्ल्यावर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, पण संध्याकाळी माझ्या हातात मेजरिंग टेप ठेवली.

तेव्हा तुम्हीही आधी टेप काढा.

तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहे, त्यामुळे लेन्सवरच्या आकड्याला १.६ने गुणायचं. तुमच्याकडे ५० लावली की ती जुन्या हिशोबातली ८० होते, ८५ची १३६ होते आणि २४ची जवळजवळ ३८. 'रोजच्या वापराला ५०' हा सल्ला फिल्मच्या काळातला. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्याच्या लायका कॅमेऱ्यावर बहुतेक ५०च वापरायचा. पण त्याच्या ५०मधून जेवढं दिसायचं तेवढं दिसायला तुम्हाला ३१च्या आसपासची लेन्स लागेल. आकडा तोच, दिसणं वेगळं.

आता फूट. तुमच्या कॅमेऱ्यावर, कॅमेरा उभा धरून, उभ्या माणसाचा नखशिखांत फोटो घ्यायचा तर २४ला सुमारे सात फूट लागतात, ३५ला दहा, ५०ला चौदा आणि ८५ला चोवीस. चोवीस फूट म्हणजे तुम्ही अंगणात तुळशीपाशी आणि सासूबाई पडवीत. मग बोलणार कसं? हाका मारून? माणसाचा फोटो काढताना निम्मं काम बोलण्याचं असतं. म्हणून ८५ला माझा तुमच्यापुरता नकार आहे. लेन्स उत्तम आहे, ज्याच्याकडे मैदान आहे त्याने जरूर घ्यावी. शिवाय किंमतही ५०च्या बरीच वर.

नुसता चेहरा आणि खांदे घ्यायचे तर चित्र बदलतं. ५०ला साधारण साडेचार फूट पुरतात. २४ला तुम्हाला दोन फुटांवर जावं लागेल, आणि तिथे गडबड होते. 'वाइड लेन्स (लहान आकड्याची, जास्त पसारा घेणारी) नाक मोठं करते' असं म्हणतात, ते खरं नाही. नाक मोठं दिसतं ते तुम्ही जवळ गेल्यामुळे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत ढोबळमानाने बारा सेंटीमीटर धरा. कॅमेरा अर्ध्या मीटरवर असेल तर नाक कानाच्या मानाने चोवीस टक्के मोठं उमटतं, दीड मीटरवर असेल तर आठ टक्के. लेन्स कोणतीही असो, चेहऱ्याची ठेवण ठरते अंतरावरून. लेन्स एवढंच ठरवते की त्या अंतरावरून चौकटीत किती मावेल. साडेचार-पाच फूट म्हणजे पडवीत शेजारी बसून गप्पा मारण्याचं अंतर, आणि त्या अंतरावरून माणूस फोटोतही ओळखीचा दिसतो.

म्हणजे चेहऱ्यांना ५० आणि घरातल्या धावपळीला २४, असं दोन्हींकडे पारडं झुकतं. तुम्ही म्हणाल, मग एक सांगा. इथे मी तुमच्या जुन्या १८-५५चा हिशोब धरतो, जो सल्ला देणारे सहसा धरत नाहीत. ती लेन्स २४वर एफ ४च्या आसपास उघडते (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं छिद्र मोठं आणि उजेड जास्त). कॅननची २४ पॅनकेक, म्हणजे चपटी प्राइम, उघडते एफ २.८ला. फायदा एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेड. पण १८-५५च्या लांबच्या टोकाला तुम्ही एफ ५.६वर अडकता आणि ५० उघडते १.८ला. तिथे उजेड जवळजवळ दहापट. कौलांखालच्या अंधारात जिथे १/२५ सेकंदाचं शटर मिळून मुलीचे हात पुसट येत होते, तिथे त्याच आयएसओवर (सेन्सरच्या त्याच संवेदनशीलतेवर) १/२५० मिळेल. दोन वर्षांच्या मुलीला तेवढं लागतंच. तुमच्याकडची लेन्स जिथे सर्वांत लंगडी पडते तिथे पैसे घाला. ५० घ्या. भाच्याला पेढा द्या, त्याने कारण सांगितलं नसलं तरी.

दुकानात जायच्या आधी मात्र एक करा. १८-५५चं झूम ५०वर आणून त्यावर चिकटपट्टी लावा आणि चार दिवस तशीच वापरा. २४वर आणखी चार दिवस. ५०च्या दिवसांत पाठ सारखी भिंतीला टेकत असेल, आणि सुपारीचं पानदान, मागचा झोपाळा, उंबऱ्यातली मांजर हे सगळं सुटून गेल्याची चुटपुट लागत असेल, तर माझं ऐकू नका, २४ घ्या. काही लोकांना माणूस त्याच्या पसाऱ्यासकट हवा असतो. मी त्यातला नाही, तुम्ही असाल.

५० आणल्यावर पहिले आठ दिवस १.८चा मोह होईल. साडेचार फुटांवर १.८ला स्पष्ट राहणारा पट्टा जेमतेम पाच सेंटीमीटरचा असतो. सासूबाई अडकित्त्यावर वाकल्या की डोळा त्या पट्ट्याबाहेर जातो आणि नथ तेवढी धारदार राहते. २.८ ठेवा, आठेक सेंटीमीटर मिळतील. कॅमेऱ्यातल्या नऊ फोकस बिंदूंपैकी एकच निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. नऊही मोकळे सोडले तर कॅमेरा सगळ्यांत पुढे दिसेल ते पकडतो, आणि तुमच्याकडे तो अडकित्ता असेल.

आणखी एक, चिपळूणच्या पावसासाठी. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कपाटात ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. दाणे रंग बदलणारे घ्या. रंग बदलला की दमट झाले, मग तापवून कोरडे करायचे किंवा बदलायचे.

प्रश्न : माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइल आहे. त्यात आईचा चेहरा नेहमी फुगीर येतो. यावर उपाय आहे का?
— एक विद्यार्थी, परभणी

आहे, आणि फुकटचा आहे. मोबाइलची मुख्य लेन्स फिल्मच्या हिशोबात २४ ते २८च्या घरातली असते. चेहरा भरून यावा म्हणून तुम्ही हातभर अंतरावर जाता आणि वर सांगितलेलं नाकाचं गणित तिथेच लागू होतं. पाच फूट मागे या आणि २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, लावा. मोबाइलमध्ये ती सोय नसेल तर लांबून काढून नंतर कापा. थोडा बारकावा जाईल, पण आईचा चेहरा आईसारखा येईल.

प्रश्न : निकॉन डी५६०० आहे. काका त्यांची जुनी ५० एमएम एफ १.८डी देत आहेत. घेऊ का?
— एक वाचक, नागपूर

फुकट देत असतील तर घ्या, पण ऑटोफोकस होणार नाही. त्या लेन्समध्ये मोटर नाही, ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी५६००च्या बॉडीत ती मोटर नाही. फोकस हाताने फिरवायचा. जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये खाली डाव्या कोपऱ्यात टिंब पेटतं, त्यावर भरवसा ठेवा. पळती पोरं सोडून द्या, बसलेली माणसं काढा. पैसे मोजून घ्यायची वेळ आली तर एएफ-एस लिहिलेली ३५ एफ १.८ डीएक्स बघा. तिच्यात स्वतःची मोटर आहे, आणि तुमच्या सेन्सरवर ती ५०सारखीच दिसते.

आणि काकांची लेन्स लावल्यावर पडद्यावर 'एफईई' असं काही उमटलं तर घाबरून दुकानात धावू नका. लेन्सवरची छिद्राची कडी २२च्या आकड्यावर नेऊन अडकवा, कॅमेरा चालू लागेल.