गटात संशोधन करू की एकटीनं पेपर लिहू?

प्रश्न : शरीरक्रियाशास्त्रात एमडी करून मी एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. आमच्या मेडिकल एज्युकेशन युनिटनं वैद्यकीय, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या शिक्षकांचे सहा-सहा जणांचे गट केले आहेत. प्रत्येक गटाला एक ज्येष्ठ मार्गदर्शक दिले आहेत. वर्षभरात शिक्षणाशी संबंधित एक संशोधन प्रकल्प पूर्ण करायचा आहे. आमच्या गटाचा विषय सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून द्यायच्या तातडीच्या उपचाराचं) एकत्रित प्रशिक्षण हा आहे. घरचे म्हणतात, "प्रमोशनला स्वतःचा पेपर लागतो, इथे तुझं नाव पाचवं येणार." काय करू?

उत्तर : गटात जा. मात्र नावांचा क्रम आणि कामाची वाटणी पहिल्याच बैठकीत कागदावर आणा.

घरच्यांची काळजी रास्त आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमांत सहयोगी प्राध्यापकपदासाठी सहायक प्राध्यापक म्हणून चार वर्षांचा अनुभव, दोन शोधनिबंध आणि वैद्यकीय शिक्षण व बायोमेडिकल रिसर्च यांचे दोन बेसिक कोर्स सांगितले होते. निबंधावर शिक्षकाचं नाव पहिल्या तिनांत हवं होतं, किंवा तो करस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असायला हवा होता. पाचव्या नावाला तिथे किंमत नव्हती. सहा जणांनी मिळून काम करा म्हणायचं आणि मोजताना पुढचे तिघं-चौघंच मोजायचे, हे मला अन्यायाचं वाटतं. पण नोकरी नियमांतच करायची आहे. आज नेमका कोणता नियम लागू आहे, ते आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. स्टाफरूममधल्या ऐकीव माहितीवर विसंबू नका. नर्सिंग आणि फिजिओथेरपीचे बढतीचे निकष वेगळे असतात. त्यामुळे पहिल्या तिनांतल्या जागेची निकड सहाही जणांना सारखी असेलच असं नाही. एकदा विचारून तर बघा.

एवढं असूनही गटात जा म्हणते, त्याचं कारण तुमच्या विषयातच आहे. एमडीच्या प्रबंधात तुम्ही नाडी, रक्तदाब, रिअ‍ॅक्शन टाइम मोजला असेल. विद्यार्थी काय शिकला हे मोजणं त्याहून बरंच अवघड असतं आणि ते कुणी शिकवलेलं नसतं. एकटीनं केलेला प्रकल्प बहुधा असा होतो : एक कार्यशाळा घ्यायची, शेवटी फीडबॅक फॉर्म भरून घ्यायचा आणि "बहुसंख्य विद्यार्थ्यांना उपक्रम आवडला" असा निष्कर्ष काढायचा. प्रशिक्षणाचा परिणाम जोखायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्यांतली ही सर्वांत खालची. त्यावरची पायरी शिकण्याची, मग प्रत्यक्ष वागण्यातल्या बदलाची आणि शेवटी रुग्णाला झालेल्या फायद्याची. पहिल्या पायरीवर थांबलेला निबंध चांगल्या जर्नलमधून परत येतो, आणि तो परत येणं योग्यच आहे.

तुमचाच विषय घ्या. "सीपीआर प्रशिक्षणाची परिणामकारकता" हा प्रश्न फार मोठा आहे. छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर, हे मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) मोजता येतं. शिकलेलं कौशल्य काही महिन्यांतच ढिलं पडतं, हेही माहीत आहे. मग प्रश्न असा छोटा करता येईल : तीन महिन्यांनी दहा मिनिटांचा सराव दिलेल्यांची दाबांची खोली सहा महिन्यांनी सराव न मिळालेल्यांपेक्षा चांगली राहते का? (अभ्यास संपल्यावर तो सराव दुसऱ्या गटालाही द्या.) हा प्रश्न एका वर्षात बसतो आणि त्यात सहाही जणांना खरं काम आहे. नर्सिंगच्या मॅडमना स्किल लॅबमधल्या अडचणी तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. दाब देताना शरीर कसं थकतं, हे फिजिओथेरपीवाला सांगेल. प्रश्न असा कापून लहान करणं हेच मार्गदर्शकाचं खरं काम. ते तुम्ही त्यांच्याजवळ बसून शिकाल, व्हिडिओ बघून शिकता येत नाही.

एका बाबतीत मात्र अजिबात सवलत घेऊ नका. इथे तुमचे विद्यार्थीच अभ्यासाचे सहभागी आहेत. इंटर्नल असेसमेंटचे मार्क तुमच्या हातात असताना तुम्हीच संमतीपत्र पुढे केलंत, तर कुठलं पोर नाही म्हणेल? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा अधीन व्यक्तींना विशेष संरक्षण द्या म्हणतात. संमती मार्कांशी संबंध नसलेल्या माणसानं घ्यावी, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी पहिला डेटा गोळा करण्याआधी हातात असावी. मागाहून मंजुरी मिळत नाही.

आता नावं. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांच्या समितीचे निकष चार आहेत : कामात भरीव वाटा, लेखन किंवा त्यात मोलाची सुधारणा, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण करतो तोच लेखक. "एचओडी सरांचं नाव घालावंच लागतं" असं कुणी म्हणालं, तर हे निकष मार्गदर्शकांनीच बैठकीत वाचून दाखवावेत. नव्या माणसानं एकटीनं वाईटपणा घेऊ नये. तुम्हाला पहिलं नाव हवं असेल तर पहिला मसुदा लिहायची जबाबदारी आजच मागून घ्या. ते काम बहुतेकांना नको असतं. त्याच डेटाचे तुकडे करून सहा जणांना सहा पेपर वाटू नका. पुढच्या वर्षी हाच गट नवा प्रश्न घेईल आणि तेव्हा पहिलं नाव दुसऱ्याचं असेल, असं ठरवणं जास्त प्रामाणिक आहे. तुम्हाला लागणारा दुसरा पेपरही त्यातूनच उभा राहू शकतो.

हे काम आवडलं तर पुढे वाट आहे. आयोगाच्या अ‍ॅडव्हान्स कोर्समध्ये शिक्षण-संशोधनाचा प्रकल्प करावाच लागतो. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ मध्ये सुरू झालेली, वैद्यकीय शिक्षकांसाठीची फायमर फेलोशिप दोन वर्षांची आहे, आणि तिचा प्रकल्प आपल्याच कॉलेजात राबवायचा असतो. तिथे अर्ज करताना गटातल्या या वर्षाचा अनुभव तुमच्या उपयोगी पडेल.

मार्गदर्शकांना दोन गोष्टी लगेच विचारा : महिन्यातून किती वेळ देणार, आणि याआधीचे त्यांचे गट-प्रकल्प कुठे छापून आले. उत्तरं गुळमुळीत आली तर युनिटकडे गट बदलून मागा. उत्तरं नीट मिळाली तर एथिक्स कमिटीच्या पुढच्या बैठकीची तारीख काढा आणि तिथून मागे मोजत प्रोटोकॉलचं (अभ्यासाच्या लेखी आराखड्याचं) वेळापत्रक बसवा.