अमेरिकेतल्या कॉलेज जिम्नॅस्टिक्समध्ये 'पायोनियर' म्हणावा असा प्रशिक्षक कोण आणि का?

माझं उत्तर ग्रेग मार्सडेन, युटा विद्यापीठ. बरेच जण लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या प्रशिक्षक व्हॅलरी कोंडोस फील्ड यांचं नाव घेतील. त्यांच्या संघांनी सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यात चूक काहीच नाही. पण त्या आल्या तेव्हा खेळ उभा राहिला होता. मार्सडेन यांनी सुरुवात केली तेव्हा युटा विद्यापीठाच्या गावी, सॉल्ट लेक सिटीत, ना संघ होता, ना प्रेक्षक.

१९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना डावलता येईना, त्यामुळे विद्यापीठांत मुलींचे संघ निघू लागले. युटाने १९७५ मध्ये जिम्नॅस्टिक्सचा संघ काढला आणि तिथेच पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मार्सडेन यांच्या हाती दिला. ते स्वतः काही नावाजलेले जिम्नॅस्ट नव्हते. तरीही दुसऱ्याच वर्षी, १९७६ ला, संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. तेव्हापासून मार्सडेन निवृत्त होईपर्यंत युटाची ही स्पर्धा एकदाही चुकली नाही.

१९८१ ते १९८६ सलग सहा विजेतेपदं. त्यातलं पहिलं महिलांच्या वेगळ्या संघटनेचं, कारण एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची मुलींसाठीची जिम्नॅस्टिक्स स्पर्धाच १९८२ मध्ये सुरू झाली. पुढे १९९०, १९९२, १९९४ आणि १९९५, म्हणजे एकूण दहा. १९८३ आणि १९८४ ची वैयक्तिक सर्वसाधारण विजेती (म्हणजे चारही साधनांवरच्या एकूण गुणांत पहिली) मेगन मॅककनिफ त्यांचीच खेळाडू. पुढे ती त्यांची पत्नी झाली आणि कित्येक वर्षं प्रशिक्षणातली जोडीदारही.

पण माझ्या मते त्यांचं खरं काम चषकांच्या पलीकडचं आहे. मुलींची स्पर्धा लोक तिकीट काढून बघतील, हे ते धरूनच चालले आणि संघाच्या प्रसिद्धीसाठी स्वतः झटले. २०१५ च्या सुमारास १५ हजार आसनांच्या हंट्समन सेंटरमध्ये युटाच्या घरच्या लढतींना सरासरी १४ हजारांवर प्रेक्षक येत होते. मी त्या शहरात शिकत असताना तिथे लढती पाहिल्या आहेत. दोन्ही संघांच्या मुली आलटूनपालटून उतरतात, त्यामुळे सगळ्या हॉलची नजर एका वेळी एकाच मुलीवर असते. बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर, युटाची मुलगी जराशी डगमगली की माझ्या पुढच्या रांगेतल्या आजीबाई शेजारणीचा हात घट्ट धरायच्या. ती सावरली की दोघी उठून टाळ्या. केसांना लाल रिबिनी बांधलेल्या शाळकरी मुली तर पायऱ्यांवरच उड्या मारत असायच्या. मुलींच्या खेळाला एवढी गर्दी मी तोवर कुठेच पाहिली नव्हती, आणि ते बघून मला भरून आलं होतं.

१९९५ नंतर त्यांना विजेतेपद मिळालं नाही हेही सांगायला हवं. अलाबामा, जॉर्जिया, यूसीएलए, फ्लोरिडा असे तगडे संघ पुढे आले. काही जण याला उतरती कळा म्हणतात, मला ते पटत नाही. स्पर्धा वाढली आणि तरीही युटा दरवर्षी वरच्या संघांत राहिला. मार्सडेन यांच्या खात्यावर हजाराहून अधिक विजय जमा झाले.

त्यांची शेवटची स्पर्धा २०१५ ची, फोर्ट वर्थमधली. कॉलेजच्या पद्धतीत प्रत्येक साधनावर सहा मुली उतरतात आणि पाच जणींचे गुण धरतात. चार साधनं, दहापैकी गुण, म्हणजे कमाल २००. फ्लोरिडाला १९७.८५० मिळाले, युटाला १९७.८००. फरक ०.०५! उतरताना एका मुलीचं पाऊल किंचित सरकलं तरी एवढे गुण जातात. त्यानंतर लगेच त्यांनी चाळीस वर्षांच्या कामातून निवृत्ती जाहीर केली आणि संघाची सूत्रं मेगन मार्सडेन व टॉम फार्डन यांच्याकडे गेली.

तुम्हाला आणखी वाचायचं असेल तर मिसी मार्लो या त्यांच्या खेळाडूपासून सुरुवात करा. सॉल्ट लेकचीच मुलगी, १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळलेली, आणि १९९२ मध्ये युटासाठी एनसीएएची सर्वसाधारण विजेती.